विषय काढायचा राहिला

बिरू,

परवा तुझं उत्तरकार्य झालं. पंगतीत माझ्या शेजारी आपले केमिस्ट्रीचे सर बसले होते. भात वाढता वाढता कुणीतरी त्यांना विचारलं, बारावीला पोरांना सगळ्यात जड कुठला विषय जातो हो? सहज विचारलं होतं, त्या माणसाची मुलगी यंदा अकरावीला आहे. सर माझ्याकडे बघायला लागले आणि मी पत्रावळीकडे. ह्या प्रश्नावर पहिलं बोलायचा मान तुझा होता. तू असतास तर वाढप्याला आमटीची बादली खाली ठेवायला लावून उत्तर दिलं असतंस. सर शेवटी म्हणाले, "आमच्यात ह्यावर एकमत नाही," आणि भात कालवायला लागले.

लोकांना वाटतं, शिक्षक स्टाफरूममध्ये बसून पोरांच्या भल्याचा विचार करतात. आपण तिथं बसून भांडायचो. जूनमध्ये बारावीचा पहिला तास झाला की तू मैदान मारल्यासारखा दारातून आत यायचास. वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या पोरांना विचारायचास, कुठला विषय अवघड वाटतो? समोर फिजिक्सचा मास्तर उभा असल्यावर पोरं दुसरं काय सांगणार. तरी तू येऊन जाहीर करायचास की यंदाही पहिला नंबर आपलाच. मग गणिताच्या बाई म्हणायच्या, तुमच्या विषयात पोरं अडतात तीसुद्धा गणितातच, तेव्हा तो नंबर माझा. केमिस्ट्रीचे सर म्हणायचे, यांचं पोरांना कळत नाही, माझं कळतं पण दुसऱ्या दिवशी राहत नाही, मग जास्त अवघड कुठलं? इंग्रजीचे सर नुसते पेपर चाळत बसायचे. कला शाखेची बरीच पोरं दरवर्षी त्यांच्याच विषयात अडकायची, त्यांना वेगळं बोलायची गरज नव्हती.

आणि मी म्हणायचो, मराठी. की तू पोट धरून हसायचास. गेली काही वर्षं पोरं मराठी सोडून आयटी घ्यायला लागली, तिकडं मार्क पडतात म्हणून. माझा वर्ग इतका रोडावला की मागचे बाक मी अडगळीच्या खोलीत ठेवून द्यायला सांगितले. त्यावर तुझं चालूच, "तुझा इषय एवढा अवघड हाय वाईकर, की पोरं त्याच्या वाटंलाच जाईनात." मी वाईचा, म्हणून तुझ्यासाठी जन्मभर वाईकर. माझं खरं आडनाव तुला मस्टरवर बघितल्याशिवाय आठवत नसणार.

माझं म्हणणं मी कधी नीट मांडू शकलो नाही, कारण तू मांडूच द्यायचा नाहीस. मला म्हणायचं होतं की फिजिक्समध्ये पोरगं अडलं की त्याला कळतं आपण अडलोय. उत्तर चुकतं, मार्क जातात, रडू येतं. मराठीत तसं होत नाही. पोरगं पास होतं, चांगल्या मार्कांनी पास होतं, आणि मनातलं एक वाक्य धड बोलता येत नाही ह्याचा त्याला पत्ताच नसतो. हे मी एकदा बोलायला लागलो होतो. तू म्हणालास, "चल, तास हाय," आणि उठून गेलास. तास नव्हता तुझा. मी वेळापत्रक बघितलं होतं.

पण तुझ्याइतका भाषेचा विचार करणारा मास्तर आपल्या कॉलेजात दुसरा नव्हता, हेही आज कबूल करून टाकतो. तू असताना कबूल केलं असतं तर डोक्यावर बसला असतास. जतच्या पुढं, जिथं अर्धं गाव कन्नड बोलतं, तिथून तू शिकून आलास. वडील मेंढरांमागं, तू वस्तीवर. दहावीपर्यंत सगळं मराठीत आणि अकरावीला सायन्सला गेल्यावर पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. तू सांगायचास की वेग काय असतो ते तुला मेंढराला माहीत असतं तितकं माहीत होतं, पण व्हेलॉसिटी म्हणजे वेगच, हे कळायला दिवाळी उजाडली. म्हणून तू वर्गात दोन्ही शब्द सांगायचास. तासगावची, कवठ्याची पोरं त्यासाठीच एसटीत उभी राहून यायची. एकदा मधल्या सुट्टीत मला विचारलंस, जडत्व हा शब्द पोरांच्या गळी कसा उतरवू? मी शब्दाची फोड सांगायला लागलो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "आळस म्हणतो सरळ. बसलेलं उठत न्हाई आणि पळतेलं थांबत न्हाई." आणि तेच सांगितलंस.

गोफणीचा दिवस तर कॉलेज विसरणार नाही. वर्तुळाकार गती शिकवायची म्हणून तू गावाकडून वडिलांची गोफण आणलीस. पोरांना मैदानावर लांब उभं केलंस, गोफण डोक्याभोवती गरगर फिरवलीस आणि सोडलीस. दगड सुटल्यावर फिरत जात नाही, सुटला त्या क्षणाला ज्या दिशेला तोंड होतं तिकडं सरळ जातो, हे दाखवायचं होतं. गेला की सरळ. थेट सायकल स्टँडच्या पत्र्यावर. प्राचार्य बाहेर आले तर तू त्यांनाच विचारलंस, "बघितलंत न्हवं साहेब? स्पर्शिकेनं गेला." त्यांनाही हसू आवरलं नाही. माझी मुलगी त्या वर्गात होती. आता ती पुण्याला नोकरी करते. तू गेल्याचं कळलं तेव्हा फोनवर रडत तिनं मला हाच प्रसंग सांगितला, जणू मला माहीत नव्हता. माझी मुलगी फिजिक्सला घाबरली नाही, ती तुझ्यामुळं. त्याचे आभार मानायचे राहून गेले. मित्राचे आभार कोण मानतं, असं वाटायचं.

आता प्रतीकबद्दल.

माझी मुलगी तुझ्या वर्गात बसली आणि तुझा मुलगा बसला नाही, ह्याचा मला तेव्हा राग आला होता. दहावीला पोराला चांगले मार्क पडले. कॉलेजात बाप फिजिक्सला, घरापासून सायकलवर जायचं अंतर. आणि तू त्याला थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे साताऱ्याला धाडलंस. कारण काय, तर आदल्या वर्षी दुसऱ्या एका शिक्षकाच्या मुलाला प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी पडले आणि लोक कुजबुजले. मी तुला म्हटलं, अरे लोकांची पोरं तुझ्यासाठी एसटीनं येतात आणि तू घरचं पोर बाहेर पाठवतोस? तू म्हणालास, "उद्या त्यानं खरंच मिळवले तरी लोक म्हणणार बापानं दिले. त्याचं त्यानं मिळवू दे." तुझ्या म्हणण्यात खोट नव्हती. आपल्याकडं सरळ माणूस असंच वागतो, आणि आपल्या सरळपणाची झळ घरच्यांना बसवतो. वहिनींना विचारलं होतंस का, ते मला माहीत नाही. प्रतीकला विचारलं नव्हतंस, एवढं माहीत आहे.

मग सुरू झाली तुझी फोनवरची शिकवणी. संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाजवळ गाडी स्टँडला लावून तू साताऱ्याला फोन करायचास. आज काय झालं, कुठली गणितं सोडवली, सूत्र सांग. वर्गात तुझा आवाज कसा असायचा आणि त्या फोनवर कसा व्हायचा, हे मी शेजारी उभा राहून ऐकलंय. वर्गात चार वेळा चुकणाऱ्या पोराला तू पाचव्यांदा तितक्याच शांतपणे सांगायचास. प्रतीक पहिल्यांदा अडखळला की तू म्हणायचास, एवढं येत नाही तुला? पलीकडून नुसतं हूं यायचं. हळूहळू तेही येईनासं झालं. सुट्टीला घरी आला की तो आधी बघायचा, तू घरात आहेस का.

बारावीचा निकाल लागला. सगळ्या विषयांत पास आणि फिजिक्स गेलं. तुझ्याच विषयात.

त्या दिवशी तू त्याला फोनवर एकच वाक्य बोललास. नंतर तूच मला सांगितलंस, खाली मान घालून. "माझ्या पोराला माझाच विषय?" एवढं बोलून फोन ठेवलास. पुढं त्यावर तू कधी बोलला नाहीस, तोही बोलला नाही. अक्कांच्या ओळखीनं तो शिरवळला एका कारखान्यात लागला, तिथंच खोली घेऊन राहिला. सणाला यायचा. तू विचारायचास, गाडीला गर्दी होती का? तो म्हणायचा, नव्हती. मग दोघं जेवायचात. वहिनी सांगत होत्या, दोघांच्या मधे बसून मला घास उतरायचा नाही.

स्टाफरूममध्येही आम्ही सगळे सांभाळून बोलायला लागलो. त्या जूनमध्ये तू बारावीच्या पहिल्या तासावरून आलास, खुर्चीत बसलास आणि पाणी प्यालास. कुणाचा नंबर पहिला, हे कुणी विचारलं नाही. तू वर्गात तो प्रश्नच विचारला नव्हतास, हे मला पोरांकडून कळलं. इतकी वर्षं ज्या भांडणाला मी वैतागलो होतो ते थांबल्यावर मला चैन पडेना. एकदोनदा मी मुद्दाम मराठीचं घोडं पुढं दामटलं, की तू उसळून काहीतरी बोलशील. तू म्हणालास, "असंल, तुझाच अवघड असंल." बिरू, तुझ्याशी भांडणात जिंकल्याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मग यंदा गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी आपण फाटकासमोर चहा पीत होतो. विषय प्रतीकचा नव्हताच, पावसानं रस्त्याची दैना झाली त्याचं चाललं होतं. तू मधेच थांबलास. "वाईकर," म्हणालास, "त्याला फिजिक्स अवघड नव्हतं गेलं. मी अवघड गेलो."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, हे त्याला सांग. आजच सांग. तू मान हलवलीस. फोनवर नको म्हणालास, फोनवर माझं तोंडच वाकडं चालतं. मी म्हटलं, मग मी सांगू का? त्यावर तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "तू मधी पडू नगंस. दिवाळीला येतोय त्यो. तवा मीच इषय काढतो." आणि चहाचा दुसरा कप सांगितलास. कितीतरी दिवसांनी तुझा चेहरा मोकळा दिसला. मलाही बरं वाटलं. दिवाळी काही लांब नव्हती.

दिवाळी आता चार दिवसांवर आली आहे. तू वर्गातून थेट मिरजेच्या दवाखान्यात गेलास, खडू खिशात तसाच. हातपाय हलवायला वेळच मिळाला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिरवळहून प्रतीक पोचला तेव्हा तुझ्या तोंडावर चादर होती. मी दारात उभा होतो. तो माझ्याजवळ आला आणि मला म्हणाला, "काका, गाडीला गर्दी होती." तेवढं एकच वाक्य. मी त्याला धरून उभा राहिलो. मला तुझा राग येत होता. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण आला, काय करू. माणसानं बोलायच्या गोष्टीला दिवाळीचा मुहूर्त कशाला बघावा?

परवा पंगती उठल्यावर मांडवाच्या कडेला प्रतीक एकटा खुर्च्या रचत होता. मी त्याच्याबरोबर रचायला लागलो. तू मला मधे पडू नकोस म्हणाला होतास. पण आता मधे राहिलं होतं कोण? मी त्याला बसवलं आणि सांगितलं. चहाची टपरी, पावसाचं बोलणं, आणि तुझं ते वाक्य जसंच्या तसं. दिवाळीला तू बोलणार होतास, हेही सांगितलं. म्हटलं, तुझा बाप विषय काढणार होता रे.

 तो म्हणाला, "मी काढला होता विषय, काका."

 म्हणजे तुमचं बोलणं झालं होतं तर. तू मला सांगितलं नाहीस, पण झालं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी घाईनं विचारलं, "मग? काय म्हणाला तो?"

"त्यांना कुठं सांगितलं?"

मी विचारलं, मग विषय काढलास कुणापाशी? त्याच्या लक्षात आलं. "तसं न्हाई काका. फिजिक्स. राहिलेला विषय काढला. यंदाच्या जुलैच्या परीक्षेला बसलो होतो, साताऱ्यातनंच फॉर्म भरून."

जन्म मराठी शिकवण्यात गेला माझा, बिरू. राहिलेला विषय काढतात आणि मनातला विषयही काढतात, दोन्हीला आपल्याकडं शब्द एकच. आपली पोरं रोज तो बोलतात. आणि मला नेमका त्या दिवशी तो चुकीचा कळला. तूही विषय काढणार होतास. त्यानं तर काढला होता. आणि एका घरात दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं.

मी विचारलं, काठावर सुटला का? म्हणाला, काठावर नाही, चांगले पडले. का सांगितलं नाहीस? त्यावर तो म्हणाला की ते विचारतील तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. निकालाच्या दिवशी फोन हातात घेतला होता, पण आपण होऊन सांगितलं तर एवढ्या उशिरा कसलं कौतुक, असं म्हणतील वाटलं. अक्कांनासुद्धा बोलला नाही, त्या पोटात ठेवणार नाहीत म्हणून. कारखान्यात पाळी सुटल्यावर खोलीत बसून अभ्यास केला. मी म्हटलं, एकट्यानं? क्लास नाही, मास्तर नाही, मग शिकवलं कुणी?

"बाबांनीच," तो म्हणाला.

लॉकडाऊनमध्ये तू घरातून शिकवायचास. मोबाइल स्टँडला लावायचास, खोलीचं दार आतून बंद करायचास आणि बाहेर सगळ्यांना गप्प बसवायचास. प्रतीक तेव्हा शाळेत होता, त्याला त्या खोलीत यायला बंदी. ते सगळे तास पोरांनी इंटरनेटवर टाकलेत, अजून आहेत. शिरवळच्या खोलीत त्यानं ते एकेक करून बघितले. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, हा दुसराच कुणी माणूस आहे. "किती गोड बोलायचे हो ते," तो मला म्हणाला. "मला म्हाईतच नव्हतं."

त्या व्हिडिओत तू सारखा थांबतोस म्हणे. थांबून विचारतोस, कळलं का? नसंल कळलं तर लाजायचं न्हाई, म्हणा न्हाई कळलं, मी परत सांगतो. समोर पोरं नसायची, तरी उत्तराची वाट बघितल्यासारखा तू थोडा वेळ थांबायचास. प्रतीक सांगत होता, तेवढ्या वेळात तो खोलीत एकटा बसून मोठ्यानं म्हणायचा, "न्हाई कळलं, बाबा." मग व्हिडिओ मागं घ्यायचा, आणि तू परत सांगायचास. कितीही वेळा म्हटलं तरी तू चिडायचा नाहीस.

बिरू, तुझं पोरगं तुझ्या वर्गात बसलं होतं. पोट भरून बसलं. तुला तेवढं दिसलं नाही.

मांडववाला खुर्च्या न्यायला आला तेव्हा आम्ही उठलो. मला धीर द्यायचा होता आणि मास्तरकीची सवय जात नाही. मी म्हटलं, ते व्हिडिओ जपून ठेव, आठवण आली की लावत जा, तेवढाच आवाज कानावर पडेल.

तो म्हणाला, "आता न्हाई लावता येत, काका. ते 'परत सांगतो' म्हणतात."